टाकळीच्या गोगलगायीचे कुळ ‘अनिश्चित’ असेच लिहा

भूशास्त्राच्या पदवीच्या वर्गात जीवाश्मांची प्रयोगवही पुरी करायची म्हटली की तिच्यात एक डावखुरी गोगलगाय येतेच. आकृती काढायची, तोंड डाव्या बाजूला दाखवायचे, शेवटचा वेढा फुगीर काढायचा आणि खाली लिहायचे : फायसा प्रिन्सेपी, गोड्या पाण्यातली, दख्खनच्या अंतरा-ट्रॅपी थरांतली, कुळ फायसिडी. ही नोंद एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत आली आहे. गोगलगाय डावखुरी होती हे खरे, ती गोड्या पाण्यात राहायची हेही खरे, थराबद्दल तर शंकाच नाही. कुळाचे मात्र तसे नाही. जवळजवळ दोन शतके अभ्यासक या प्राण्याला या ना त्या कुळात बसवत आले आहेत आणि एकाही कुळाचा दाखला अजून निर्विवाद ठरलेला नाही. म्हणून, ज्या नागपूरच्या परिसरातून (टाकळी हे तिथलेच, तेव्हा शहराबाहेरचे गाव) तिचे नमुने जगासमोर गेले, तिथे तरी तिच्या चिठ्ठीवर ‘कुळ अनिश्चित’ असे स्पष्ट शब्दांत लिहावे, असे माझे म्हणणे आहे. मागणी क्षुल्लक वाटेल. पण त्या दोन शब्दांत खडकांच्या वयाचा, खंडांच्या प्रवासाचा आणि शहराने आपल्या पायाखालच्या जमिनीशी कसे वागायचे याचा प्रश्न गुंतलेला आहे.

आधी वस्तू नीट पाहू. नागपूर दख्खनच्या लाव्हाच्या पूर्व काठावर वसले आहे. पश्चिमेला काळा पाषाण, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाइस, कामठीकडे गोंडवनाचे वालुकाश्म. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी ही सारी लाव्हाची देणगी. हा लाव्हा एका दमात आला नाही. एक लोट थंड व्हायचा, त्यावर माती धरायची, खळग्यांत तळी साचायची, तळ्यांत शेवाळ, शिंपले, गोगलगायी आणि मासे नांदायचे. मग पुढचा लोट येऊन सगळे झाकून टाकायचा. दोन लोटांच्या मध्ये अडकलेला त्या तळ्यांचा गाळ म्हणजे अंतरा-ट्रॅपी थर. कुठे तो मऊ, मातकट राहिला. कुठे सिलिका मुरून गारेसारखा कडक झाला. अशा कडक तुकड्यातला शंख हातात घेऊन कळस वर आणि तोंड आपल्याकडे केले की तोंड डाव्या हाताला येते. आपल्या तळ्यांतल्या नेहमीच्या मोठ्या गोगलगायीचे ते उजव्या हाताला असते. कळस आखूड, शेवटचा वेढा इतका मोठा की शंखाची बहुतेक लांबी त्यानेच व्यापलेली. तोंड वर निमुळते, खाली रुंद. आतला खांब किंचित पिळलेला. काही नमुने पाच सेंटिमीटरहून लांब भरतात. हे मुद्दाम नोंदवायला हवे, कारण आज जिवंत असलेल्या फायसा साधारणपणे एक-दोन सेंटिमीटरच्या असतात. (देवघरातला दक्षिणावर्ती शंखही जीवशास्त्राच्या मोजणीने डावखुराच असतो. पण तो त्याच्या जातीत क्वचित सापडणारा अपवाद. टाकळीच्या गोगलगायीत डावे वळण हाच नियम.) पुष्कळदा शंखाचा मूळ चुना विरघळून गेलेला असतो आणि त्या जागी सिलिका बसलेली असते. कधी शंख मुळीच नसतो, आत भरलेल्या गाळाचा साचा तेवढा उरतो. प्राणी तर कुठेच नाही. कुळाचा सगळा वाद या एका अभावातून निघतो.

या गोगलगायीचे नामकरण मात्र नागपूरच्या नमुन्यांवरून झालेले नाही. मद्रासच्या सेवेतले डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन यांनी दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्व भागातून जीवाश्म गोळा केले. त्यांच्या निबंधासोबत १८४० मध्ये जेम्स डी कार्ल सॉवर्बी यांनी त्यांतल्या शंख-शिंपल्यांची वर्णने छापली आणि या शंखाला फायसा प्रिन्सेपी हे नाव दिले. पुढच्या दशकात नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी या विषयात खरी खोली आणली. हिस्लॉप हे नाव नागपूरकर कॉलेजमुळे ओळखतात; भूशास्त्रात ते टाकळीमुळे ओळखले जाते. या दोघांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये आला. १८६० मध्ये हिस्लॉप यांनी एकट्याने शंख-शिंपल्यांचे तपशीलवार वर्णन केले. त्याच वर्षी टाकळीच्या थरातले कीटक, म्हणजे मुख्यतः भुंगेऱ्यांची कडक पंखावरणे, अँड्र्यू मरे यांनी अभ्यासली आणि सूक्ष्म कवचधारी जीव रूपर्ट जोन्स यांनी. हिस्लॉप यांच्या यादीत पॅल्युडिना टाकलिएन्सिस आहे, लिम्निया तेलंखेडिएन्सिस आहे, सक्सिनिया नागपुरेन्सिस आहे. शहराची आणि त्याच्या वस्त्यांची नावे अशी जागतिक प्राणिशास्त्रात कायमची कोरली गेली, ही नागपूरसाठी अभिमानाची गोष्ट आहे आणि ती अधिक लोकांना ठाऊक असायला हवी.

पण त्या नावांचा पहिला शब्द पाहा. पॅल्युडिना, लिम्निया, व्हॅल्व्हाटा, फायसा : हे सारे युरोपातल्या तळ्या-नद्यांतल्या गोगलगायींचे वंश. हिस्लॉप यांच्यासमोर तुलनेला जी पुस्तके आणि जे नमुने होते ते तिकडचेच. त्यांनी प्रामाणिकपणे जवळात जवळचे साम्य शोधले आणि लिहिले. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी बहुधा हेच झाले असते. पुढे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक नेल्सन अॅनन्डेल यांनी या जीवाश्मांना जिवंत गोगलगायींच्या अभ्यासकाची नजर लावली, तेव्हा त्या नावांची वीण उसवायला लागली. १९२० मध्ये फायसा प्रिन्सेपीवर लिहिताना त्यांनी तिला बुलिनस या वंशाकडे नेले. बुलिनस हा मुख्यतः आफ्रिकेतल्या गोगलगायींचा वंश. वाडियांच्या भारतीय भूशास्त्राच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात म्हणूनच हे नाव मध्ये कंस घालून ‘फायसा (बुलिनस) प्रिन्सेपी’ असे दिसते. त्याआधी, एकोणिसाव्या शतकातच, फ्रेंच अभ्यासक पॉल फिशर यांनी तिच्यासाठी प्लॅटिफायसा असा वेगळा गट केला होता. अलीकडचे अनेक संशोधक तेच नाव वापरतात. म्हणजे एकीकडे फायसिडी हे कुळ, ज्याची आजची मूळ वस्ती अमेरिका आणि उत्तर गोलार्ध. दुसरीकडे बुलिनसचा गोतावळा, ज्याची वस्ती आफ्रिका, मादागास्कर आणि पश्चिम आशिया. शिवाय तिसरी शक्यता, जिच्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले : ही गोगलगाय या दोहोंपैकी कुणाचीच नसेल, वंशज न ठेवता संपलेल्या एखाद्या स्वतंत्र कुळाची असेल. आकाराने एवढी मोठी, एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात पसरलेली आणि आज जिच्यासारखे काहीच उरलेले नाही, अशा प्राण्याबद्दल हा विचार मला सर्वांत आधी करावासा वाटतो.

आता कोणी म्हणेल, शंख समोर आहे, मग ठरवायला अडचण काय? अडचण अशी की जिवंत फायसा आणि जिवंत बुलिनस यांना वेगळे ओळखतात ते शंखावरून नव्हे, अंगावरून. फायसाच्या प्रावरणाला बहुधा बोटांसारख्या झालरी असतात. बुलिनसच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, फायसाच्या नसते. जिभेवरच्या दातांची रचना आणि प्रजननेंद्रियांची ठेवण वेगळी असते. यांतले काहीही गाळात टिकत नाही. उरते ते डावे वळण, आणि नेमके तेच सर्वांत कच्चे लक्षण आहे. वळणाची दिशा पिलाच्या नव्हे तर आईच्या जनुकांवर ठरते, याची उकल अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९२३ मध्ये केली. लिम्नियासारख्या गोगलगायीत एका जनुकातल्या फरकाने अख्खी पिढी उलट्या वळणाची निपजते. जी गोष्ट एवढ्या सहज उलटते ती उत्क्रांतीत पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे घडू शकते. तिच्यावरून रक्ताचे नाते सांगणे धाडसाचे आहे. शंखाच्या एकंदर आकाराचेही तसेच. साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या, पाण्यातल्या झाडोऱ्यावर चरणाऱ्या, पातळ शंखाच्या गोगलगायी वेगवेगळ्या कुळांतून येऊनही एकमेकींसारख्या दिसतात. परिस्थिती सारखी असली की रूप सारखे होते, आणि रूप सारखे दिसले की नाते असल्याचा भास होतो.

या भासाची किंमत दख्खनच्या भूशास्त्राने मोजलेली आहे. थरातल्या गोगलगायी आजच्या वंशांच्या आहेत असे एकदा ठरले की खडक नवा वाटू लागतो. हिस्लॉप यांनी १८६० च्या निबंधाच्या शीर्षकातच या थरांना ‘टर्शरी’, म्हणजे डायनासोरांनंतरच्या युगातले, म्हटले आहे. युरोपातल्या इओसीन काळाच्या जीवाश्मांशी दिसलेले साम्य त्यांना पटणारे होते. पुढे १८८४ मध्ये व्हिएन्नाचे मेल्खिओर नॉयमायर यांनी याच अंतरा-ट्रॅपी थरांची सांगड पश्चिम अमेरिकेतल्या लॅरमी खडकसमूहाशी घातली, तीही गोड्या पाण्यातल्या शंखांच्या साम्यावरून. त्यातून वय मागे सरकत होते. एकाच गोगलगायीचे नाते कधी फ्रान्स-इंग्लंडकडच्या तळ्यांशी, कधी अमेरिकेशी. शंख तोच होता. त्याच्या तोंडी घातलेली साक्ष बदलत होती. वनस्पतींच्या जीवाश्मांवरून बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये ‘दख्खन ट्रॅप क्रिटेशस की टर्शरी?’ हा प्रश्न ‘करंट सायन्स’मध्ये जोरकसपणे मांडला आणि टर्शरीच्या बाजूने कौल दिला. हा वाद सुटला तो शंखांच्या वंशावळीने नव्हे. खडकांचे चुंबकत्व, आर्गॉन आणि युरेनियम-शिसे पद्धतीने काढलेली वये, परागकण, नागपूरच्या थरांतून निघालेले सूक्ष्म पृष्ठवंशी अवशेष आणि अंड्यांच्या कवचांचे तुकडे अशा एकमेकांवर अवलंबून नसलेल्या पुराव्यांनी तो सुटला. दख्खनच्या उद्रेकांचा मुख्य काळ आज सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशसच्या अखेरीच्या दोन्ही अंगांना पसरलेला मानतात. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांनी नंद-डोंगरगाव खोऱ्यातल्या आणि अंतरा-ट्रॅपी थरांतल्या जीवांचा जो अभ्यास केला, त्याने हे चित्र विदर्भाच्या बाजूने भरत गेले. यातून मी एवढेच घेतो की ज्या कुळनावाची खात्री नाही त्यावर वय टेकवले की आपण गोल फिरू लागतो : वय नव्याचे म्हणून वंश आजचा, आणि वंश आजचा म्हणून वय नव्याचे.

वयाचा प्रश्न सुटला, मग आता कुळ काय करायचे, असा पुढचा आक्षेप. त्याला उत्तर भूगोल देतो. ही गोगलगाय जगत होती तेव्हा भारत हे समुद्रातले एकटे भूखंड होते. मादागास्करपासून तो सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटलेला, आशियाला अजून टेकायचा होता. अशा भूखंडावर ती आली कुठून? बुलिनसच्या गोतावळ्यातली असेल तर आफ्रिका-मादागास्करशी असलेल्या जुन्या नात्याचा तो धागा ठरेल. फायसिडीतली असेल तर उत्तरेशी संपर्क होता का, हा प्रश्न उभा राहतो. स्वतंत्र कुळातली असेल तर भारत भूखंडावर एक वेगळीच शाखा वाढून नाहीशी झाली असे म्हणावे लागेल. आणि हा निव्वळ इतिहास नाही. विदर्भाच्या तळ्यांत, धानाच्या बांध्यांत आज सहज सापडणारी चपट्या वेढ्यांची इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही रेणवीय अभ्यासांत आफ्रिकेतल्या बुलिनसची अगदी जवळची नातलग ठरली आहे. बुलिनस माणसाच्या मूत्रमार्गाला ग्रासणाऱ्या शिस्टोसोमा कृमीला आश्रय देते. इंडोप्लॅनॉर्बिस गुरांच्या शिस्टोसोमांना, ज्यांतल्या एकामुळे जनावरांना घोरण्याचा रोग होतो. हे दोन भाऊबंद भारतात आणि आफ्रिकेत कधी, कोणत्या वाटेने विभागले गेले यावर या कृमींचा उगम आफ्रिकेतला की आशियातला हा वाद अंशतः अवलंबून आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत १९५० च्या दशकात माणसातला शिस्टोसोमा आढळला, तेव्हा गाडगीळ आणि शहा यांच्या अभ्यासात संशय गेला तो बुलिनसवर नव्हे, फेरिसिया टेन्युइस या टोपीसारख्या कवचाच्या इवल्या गोगलगायीवर. कोणती गोगलगाय कोणाची नातलग, हा प्रश्न महाराष्ट्रात एका गावाच्या आरोग्याशी जाऊन भिडला होता. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या शंखाने या वादात साक्ष द्यायची असेल, तर ती न दिलेली साक्ष आपण परस्पर लिहून ठेवता कामा नये.

विज्ञानाला पावणेदोनशे वर्षांत एका गोगलगायीचे कुळ ठरवता येत नसेल तर ते कसले विज्ञान, असेही कोणी विचारेल. मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासात हा अनुभव अपवाद नाही, नेहमीचा आहे. पुराजीव काळातल्या समुद्रात बेलेरोफॉन नावाचे प्राणी विपुल होते. त्यांचे शंख एकाच पातळीत गुंडाळलेले, दोन्ही बाजूंनी सारखे. ते गोगलगायीच होत्या की गोगलगायींपूर्वीच्या, अंगाला पीळ न बसलेल्या गटातले प्राणी होते, यावर अभ्यासक अनेक दशके भांडले, कारण पीळ हा मऊ अंगाचा गुण आहे आणि शंखावर त्याची छाप पुसटच उमटते. स्नायूंचे ठसे पाहून एक बाजू मजबूत व्हायची, वेगळे ठसे सापडले की दुसरी. आज त्या एका नावाखाली एकाहून अधिक प्रकारचे प्राणी गोळा झाले असावेत असे मानणारे बरेच आहेत. १९५२ मध्ये डॅनिश जहाज ‘गॅलेथिया’ने कोस्टा रिकाजवळच्या खोल समुद्रातून निओपिलिना हा मृदुकाय प्राणी वर काढला आणि १९५७ मध्ये हेनिंग लेम्खे यांनी त्याचे वर्णन छापले, तेव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असे समजलेल्या गटाचा जिवंत प्रतिनिधी हाती आला. त्यामुळे अनेक जुन्या जीवाश्मांकडे नव्याने पाहावे लागले. ज्यांनी आपल्या नोंदीत स्थान अनिश्चित असे लिहून ठेवले होते त्यांचे काम वाया गेले नाही. ज्यांनी घाईने जागा ठरवली होती त्यांचे आधी खोडावे लागले.

व्यवहाराचा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नकाशा काढणाऱ्या भूवैज्ञानिकाला, विद्यार्थ्याला, संग्रहालयाच्या रखवालदारालाही एक ठरलेले नाव हवे. ते असावेच. इथे जाती आणि कुळ यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. प्रिन्सेपी ही जाती म्हणजे नेमका कोणता शंख, हे बऱ्यापैकी पक्के आहे. जुन्या मूळ संग्रहातल्या नमुन्यांकडे पाहून ‘प्रिन्सेपी म्हणजे हा’ असे बोट ठेवून दाखवता येते. जातीचे नाव स्थिर ठेवून कुळाच्या रकान्यात अनिश्चित लिहिणे ही वर्गीकरणशास्त्रातली मान्य रीत आहे. त्यासाठी लॅटिनमध्ये ठरलेला शब्दप्रयोग आहे आणि जगभरच्या संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर तो दिसतो. यात गोंधळ काहीच नाही. उलट विद्यार्थ्याला पहिल्या वर्षातच कळते की नोंदीतला कोणता भाग पाहून लिहिलेला आहे आणि कोणता अनुमानाने. परीक्षेत फायसिडी लिहिणाऱ्याला जेवढे गुण, तेवढेच कारण देऊन अनिश्चित लिहिणाऱ्याला मिळावेत.

डीएनएने हा प्रश्न सुटेल ही आशा मात्र सोडून द्यावी. एवढ्या जुन्या, सिलिका झालेल्या शंखात डीएनए उरत नाही. जे काही उत्तर मिळेल ते शंखातूनच मिळेल, आणि त्यासाठी आजवर फारशा न पाहिलेल्या गोष्टी पाहाव्या लागतील : अंड्यातून बाहेर पडतानाचा कळसाच्या टोकावरचा भ्रूणशंख, शंखाच्या भिंतीतल्या स्फटिकांची मांडणी, वाढीच्या रेषांवरची सूक्ष्म नक्षी, आणि तुकडा न फोडता क्ष-किरणांनी दिसणारी आतल्या खांबाची पूर्ण लांबी. ही साधने हिस्लॉप यांच्याकडे नव्हती, अॅनन्डेल यांच्याकडेही नव्हती. आज आहेत. पण त्यांना योग्य नमुना लागतो. सिलिकेने भरलेल्या शंखात मूळ स्फटिक शोधणे व्यर्थ. त्यासाठी मातकट थरातला, चुना शाबूत असलेला शंख हवा. कोवळे, दोन-तीन मिलिमीटरचे शंख हवेत, जे हातोडी घेऊन गेलेला माणूस उचलत नाही आणि जे गाळ चाळल्याशिवाय सापडत नाहीत. कोणत्या लोटाखालचा कोणता थर, हे प्रत्येक नमुन्यासोबत नोंदलेले हवे. नमुने पुष्कळ आहेत, आणखी कशाला, या आक्षेपाला माझे उत्तर हेच : आहेत ते बहुतेक मोठे, देखणे आणि कडक खडकातले आहेत, आणि प्रश्न सोडवण्याची ताकद लहान, ठिसूळ आणि थराची नोंद असलेल्या नमुन्यांत आहे.

आणि ते नमुने जिथून मिळायचे ती जमीन शहराखाली जात आहे. हिस्लॉप यांच्या काळात टाकळी हे सीताबर्डीपासून दूर, बाहेरचे गाव होते. आज ती नागपूरच्या वायव्य भागातली भरगच्च वस्ती आहे. शेजारच्या गिट्टीखदानची गतही तीच. शहर वाढणार, त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही. पण आधी जमवलेलेही इथे राहिले नाही : हिस्लॉप यांच्या मूळ संग्रहाचा मोठा भाग लंडनला गेला. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप यांचा अंत झाला आणि इथे त्यांचे काम पुढे नेणारे बराच काळ कोणी नव्हते. योगायोगाने त्याच वर्षी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, सुरू झाले. पुढच्या दीडशे वर्षांत या दोन गोष्टी एकत्र आल्या असत्या तर टाकळीची एक संपूर्ण थरवार मालिका आज शहरातच असती. सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. मनुष्यबळाची उणीव नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ च्या अखेरीस भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला, तेव्हा चर्चा झाली ती लोणारसारख्या डोळ्यांत भरणाऱ्या स्थळांची. काही फूट जाडीचा, दोन काळ्या खडकांमधला फिकट पट्टा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि कुंपण घालून तो जपताही येणार नाही, कारण त्याच्यावर घरे आहेत.

म्हणून माझी सूचना कुंपणाची नाही. टाकळी, गिट्टीखदान, तेलंगखेडी आणि सीताबर्डीच्या पायथ्याचा भाग महापालिकेच्या नकाशात अंतरा-ट्रॅपी पट्टा म्हणून दाखवावा. त्या भागात तळघर, पूल किंवा मोठ्या जलवाहिनीसाठी खोल खणायची परवानगी देताना एकच अट घालावी : काळ्या पाषाणाखाली फिकट, थरांचा खडक किंवा माती लागली की सर्वेक्षणाला किंवा विद्यापीठाला कळवावे आणि त्यांना एक दिवस द्यावा. त्या दिवसात खड्ड्याच्या भिंतीचे छायाचित्र, थरांची जाडी, प्रत्येक थरातली पोतेभर माती आणि दिसतील ते शंख एवढे घ्यायचे. पोती चाळण्याचे काम पुढे वर्षभर प्रयोगशाळेत होत राहील. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, थर, खोली आणि तारीख. जातीच्या रकान्यात प्रिन्सेपी, कुळाच्या रकान्यात अनिश्चित. संग्रह नागपुरात राहावा, त्याची यादी खुली असावी आणि लंडनमधल्या मूळ नमुन्यांची त्रिमितीय छायाचित्रे मागवून त्याशेजारी ठेवावीत. बिल्डरचा खर्च एका दिवसाचा; पायाचे काम तो दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करू शकतो.